कुठं कापायचं

माझ्याकडे बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा आहे. त्यात सात इंची स्पूल आहे, पाव इंची टेपचं, अर्ध्या तासाचा ऐवज. त्या अर्ध्या तासात जे आहे ते बाजारात आलेल्या कुठल्याही कॅसेटवर सापडायचं नाही. सापडणार कसं? कॅसेट करताना जे कापून टाकलं, तेवढंच त्यात आहे.

१९९१ ते २००३ अशी बारा वर्षं मी पुण्यात एका छोट्या कॅसेट कंपनीत होते. आजची मुलं त्याला ‘इंडिपेंडंट लेबल’ म्हणतात, आणि म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आदर येतो तो बघून मला ओशाळायला होतं. आमच्याकडे लेबल म्हणजे कॅसेटच्या अंगावर चिकटवायचा कागद. तो वाकडा बसला की डीलर बोलून दाखवायचा. कंपनी म्हणजे एका वाड्यातल्या तळमजल्यावरच्या तीन खोल्या. पुढे ऑफिस, मध्ये पॅकिंग, आणि मागे भिंतींना गाद्या आणि अंड्यांचे ट्रे ठोकलेली खोली, जिला आम्ही बिनदिक्कत स्टुडिओ म्हणायचो. वरच्या मजल्यावर कुणी खलबत्ता काढला की रेकॉर्डिंग थांबायचं. मालकांना सगळे अण्णा म्हणत, रेकॉर्डिस्टना मामा. मी कागदोपत्री क्लार्क. प्रत्यक्षात इनलेचा, म्हणजे कॅसेटच्या डबीतल्या छापील कागदाचा, मजकूर, प्रूफं, पार्सलं, उधारीची स्मरणपत्रं, चहा. आणि दुसऱ्या वर्षापासून कापाकापी, कारण मामांना जवळचं नीट दिसेनासं झालं होतं.

मुलाखतीत अण्णांनी एकच प्रश्न विचारला होता. “काय ऐकतेस?”

मी मिरजेची. या प्रश्नाची मी जन्मभर तयारी केली होती. आमच्या गावात सतारमेकरांच्या दुकानांत भोपळे टांगलेले असतात आणि दर्ग्यात खाँसाहेबांच्या, म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या, पुण्यतिथीला मोठमोठे गवई येऊन हजेरी लावून जातात, बिदागीची भाषा न करता. वडील रेल्वेत. घरात आजोबांचा चावीचा ग्रामोफोन आणि खाँसाहेबांच्या सहा तबकड्या, त्यातली एक तडकलेली. तडकलेलीच जास्त वाजायची, कारण बाकीच्यांना हात लावायची परवानगी नव्हती. दर फेऱ्याला ‘टक्’ व्हायचं. मिनिटाला ७८ फेरे, म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर टक्. आजही त्या तबकडीवरची भैरवी मी स्वच्छ केलेल्या प्रतीत ऐकते तेव्हा काहीतरी गाळल्यासारखं वाटतं.

तर मी ताठ मानेनं सांगितलं, “ख्याल. आणि ठुमरी, पण जुनी.”

“बरं,” अण्णा म्हणाले. “टायपिंग येतं का?”

कंपनी ख्यालावर चालत नव्हती हे मला पहिल्या गणपतीतच कळलं. चालायची ती आरत्यांवर. आषाढीच्या आधी अभंग, भाद्रपदाच्या आधी आरत्या, नवरात्रात देवीची गाणी, लग्नसराईत हळदीची गाणी, आणि जत्रांच्या दिवसांत जे लागतं ते, ज्याचा इनले मी डोळे बारीक करून टाइप करायची. देशभर फार वर्षं गाणं म्हणजे एचएमव्ही अशीच परिस्थिती होती. कॅसेट आली आणि ती मोडली. तबकडी दाबायला कारखाना लागतो, कॅसेटला एक खोली पुरते. टी-सीरीजच्या गुलशन कुमारांनी ऐंशीच्या दशकात कॅसेट किराणा दुकानात आणि पानाच्या टपरीवर नेऊन ठेवली. त्याच वाटेनं आमच्यासारखे शेकडो लहान लोक आत शिरले. मोठ्यांनी न विचारलेली बोली, न विचारलेली गावं, न विचारलेले देव आमच्या वाट्याला आले. हे आज मी अभिमानानं लिहिते आहे. तेव्हा मला त्याची लाज वाटायची. सोलापूरच्या डीलरचा फोन आला आणि मागून आमचंच कीबोर्डवर बडवलेलं गाणं ऐकू आलं की मी रिसीव्हर कानापासून लांब धरायची.

त्यातून एक गंमत झाली. एका वर्षी आरतीच्या रेकॉर्डिंगला कोरसमधली एक मुलगी आलीच नाही. अण्णांनी मला आत ढकललं. त्यामुळे आमच्या सगळ्यात जास्त खपलेल्या कॅसेटवर, दुसऱ्या बाजूला, डावीकडून तिसरा आवाज माझा आहे. कॉपी करणारी मशीन्स जरा हळू चालायची, म्हणून तो माझ्या खऱ्या आवाजापेक्षा बारीक आहे. गेल्याच वर्षी रास्ता पेठेतल्या एका मंडळाच्या भोंग्यातून मी स्वतःला ऐकलं. ख्याल ऐकणारी मी, आणि मला ऐकणारी सगळी रास्ता पेठ.

वर्षाकाठी दोन किंवा तीन कॅसेट मात्र अण्णा शास्त्रीय संगीताच्या काढायचे. आरत्यांनी कमवायचं आणि ख्यालांनी घालवायचं. पहिली आवृत्ती हजाराची. त्यातल्या बऱ्याचशा सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवाबाहेर स्टॉलवर जायच्या, बाकीच्या माळ्यावर. पुण्यात हे काम आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं करणारी माणसं होती, अलूरकर म्युझिक हाऊससारखी. अण्णा त्यांच्याकडे जाऊन कॅसेट पैसे देऊन विकत आणायचे आणि इनलेचा कागद बोटांनी चाचपून बघायचे.

आता कापण्याबद्दल.

सी-साठ कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. सी-नव्वदची टेप जास्त पातळ, ती ओढली जाते, गुंतते. अण्णांचा तिच्यावर विश्वास नव्हता. त्यामुळे बैठकीत गवई चाळीस मिनिटं विलंबित गायला असेल तरी कॅसेटवर तो तिसाव्या मिनिटाला संपायला हवा. मोठ्या कंपन्या आवाज हळूहळू उतरवत न्यायच्या आणि टाळ्या चिकटवायच्या. मामांना ते आवडत नसे. “माणूस बोलत असताना दार लावून घेतल्यासारखं वाटतं,” म्हणायचे. मग आम्ही आतून कापायचो.

विलंबित, म्हणजे संथ, एकतालाचं एक आवर्तन, तालाचा एक पूर्ण फेरा, पाऊण-एक मिनिटाचं. फेऱ्याचा पहिला ठोका म्हणजे सम. कापायचं तर पूर्ण आवर्तन, समेपासून समेपर्यंत, म्हणजे तबल्याचा हिशेब तुटत नाही. स्पूल हातानं मागेपुढे करून समेचा ठोका नेमका हेडवर, म्हणजे मशीन जिथं टेपवरचा आवाज वाचतं तिथं, आणायचा, पिवळ्या पेन्सिलीनं खूण करायची, टेप खाचेच्या ठोकळ्यात बसवून दाढीच्या ब्लेडनं तिरका काप घ्यायचा. सरळ कापलं तर ‘टप्’ ऐकू येतं, तिरक्या कापात एक आवाज दुसऱ्यात सरकतो. ऐकायला सोपं आहे. पण गाणारा माणूस लय नकळत वाढवत नेतो. विसाव्या मिनिटाचं आवर्तन बाराव्या मिनिटाला जोडलं की कान लगेच म्हणतो, इथं कुणीतरी जिना चढताना एक पायरी गाळली. म्हणून लांबचं कापता येत नाही, जवळजवळची दोन-तीन, इथं थोडी, तिथं थोडी. आणि मग प्रश्न उरतो तो हाच की कुठली?

तिथं माझी आवड ब्लेड धरून बसलेली असायची. मला वाटायचं मी तंत्र सांभाळते आहे. सुरेल ते ठेवायचं, खरखरीत ते जाऊ द्यायचं. घोगरलेला षड्ज, तानेच्या आधीचा खोकला, साथीदाराला दिलेली सूचना, बंदिशीचे शब्द विसरून केलेली चाचपडणूक. सगळं जमिनीवर, तपकिरी वेटोळ्यांत.

९३ साली एका वयस्कर बुवांच्या घरगुती बैठकीची कॅसेट आम्ही केली. नाव लिहीत नाही. त्यांना आवडलं नसतं. सत्तरीच्या पुढचं वय. कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर कायद्यानं हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीनंतर, तोवर आमचा करार म्हणजे एका पानाचं पत्र, एक नारळ आणि पाकीट. त्यात ‘आवश्यक ते संपादन’ असे तीन शब्द मी टाइप केलेले होते. बैठकीत एका आवर्तनात बुवा तार पंचमाकडे निघाले आणि पोचले नाहीत. पुढच्या आवर्तनात पुन्हा निघाले, पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी मध्यमावरच थांबले, हसले, समेवर आले. खोलीतले लोकही हसले. माझ्या हिशेबात हे तीन आवर्तनांचं घबाड होतं, लय सारखी, जोड बेमालूम. मी तिन्ही काढली. मामांनी ऐकलं आणि शाबासकी दिली.

कॅसेट घेऊन मीच त्यांच्या घरी गेले. त्यांनी पूर्ण ऐकली, दोन्ही बाजू, आणि बाजू पलटताना मला हात लावू दिला नाही. मग म्हणाले, “हा कोण गातोय?”

मला वाटलं थट्टा करताहेत.

“मी इतका स्वच्छ कधी गात होतो? माझ्या तरुणपणीचं काही सापडलं का तुम्हाला?” आवाज चढला होता. “पंचमाचं काय केलंत?”

मी वेळेचं कारण सांगितलं. ते खरं होतं. ते म्हणाले, वेळेसाठी कापायचंच होतं तर नंतरच्या ताना कापायच्या, त्या कुणीही घेतो. मग आतून काकूंनी चहा आणला आणि विषय बदलला. हजार प्रती तयार होत्या. त्यातल्या साताठशे नंतर माळ्यावरच राहिल्या, त्यामुळे निदान फार लोकांपर्यंत तो तरुण माणूस पोचला नाही, असा विचार करून मी समाधान मानून घ्यायची.

त्या संध्याकाळी ऑफिसात येऊन मी केराची टोपली उलटी केली. तीन आवर्तनं सापडली. ती जोडून एका रिकाम्या स्पूलवर गुंडाळली. डबा तेव्हापासूनचा.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी जे सांगितलं त्याचा मला धक्काच बसला. त्यांना ख्यालातलं काही कळत नव्हतं. घरी ते पन्नासच्या दशकातली हिंदी सिनेमातली गाणी ऐकायचे, तीही कामं करता करता. “मग या कॅसेट कशाला काढता?” मी विचारलं. म्हणाले, “तो गात असतो तेव्हा मी गाण्याकडे बघत नाही, समोर बसलेल्यांकडे बघतो. पन्नास माणसं एकदम मान हलवतात. काहीतरी असणार ना त्यात.” मला तेव्हा हे अडाणीपणाचं वाटलं होतं. बारा वर्षांत त्यांच्या पैशानं निघालेल्या शास्त्रीय कॅसेट तीसेक, माझ्या पैशानं एकही नाही.

दुसरी गोष्ट गोंधळाची. धाराशिवकडचे, म्हणजे तेव्हाचं उस्मानाबाद, चार गोंधळी रेकॉर्डिंगला आले. संबळ, तुणतुणं, झांज. आल्या आल्या त्यांनी दिवटी पेटवली. गाद्या आणि अंड्यांचे ट्रे लावलेल्या खोलीत! अण्णा पाण्याची बादली घेऊन दारात उभे राहिले आणि पूर्ण वेळ तिथंच उभे होते. मी खुणेनं सांगितलं की दिवटीची गरज नाही, ऐकणाऱ्याला ती दिसणार नाही. मुख्य गोंधळी म्हणाला, “ताई, ऐकनाऱ्यासाठी न्हाई लावली.”

गोंधळाच्या सुरुवातीला देवांना बोलवायचं असतं. अमुक गावच्या अमुक देवी, गोंधळा ये. आधी मोठी ठाणी, मग लहान, मग आणखी लहान, मग एखाद्या शिवेवरची लक्ष्मी, एखाद्या विहिरीवरच्या आसरा. ते अकरा मिनिटं बोलावत राहिले. एका बाजूचा तिसरा हिस्सा नुसतं आमंत्रण! मधे थांबवायचा प्रयत्न केला तर म्हणाले, कुणी राहून गेलं तर बरं दिसत नाही. लग्नाच्या पत्रिकेतल्या नावांसारखंच.

मी चार मिनिटांवर आणलं. इथं तर जोड शोधायलाही लागला नाही, प्रत्येक ओळ त्याच ठेक्यावर. साडेतीन पीठं ठेवली: कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि अर्धं वणी. जेजुरी आणि पंढरपूर ठेवलं. बाकीचे देव ब्लेडखाली. माझ्या मनात यत्किंचितही किंतु नव्हता. बुवांच्या प्रसंगाला तेव्हा वर्षच झालं होतं, पण मला वाटत होतं तो धडा ख्यालापुरता आहे.

कॅसेट बरी खपली. मग पोस्टकार्डं यायला लागली. कौतुकाची कमी, चौकशीची जास्त. एक येरमाळ्याकडून आलेलं अजून आठवतं, निळ्या शाईचं, अक्षर शाळकरी. कॅसेट छान आहे, घरात सगळे ऐकतात, पण सगळ्यांना बोलावलं, आमच्या येडाईला का नाही बोलावलं? आईला वाईट वाटलं.

मी उत्तर लिहायला बसले. काय लिहिणार? बोलावलं होतं, मी परत पाठवलं? आमंत्रणाची सात मिनिटं टोपलीत गेली होती आणि टोपली कधीच रिकामी झाली होती, पण पॅकिंगमधल्या बायकांनी त्यातली काही वेटोळी खोक्यांवरच्या पुठ्ठ्याला बांधायला दोरीसारखी वापरली होती. टेप मजबूत असते. तेवढी मी सोडवून आणली, उलटी-सुलटी लावून ऐकली. चुरगळलेल्या दीड मिनिटात येडाई होती. ती डब्यात आहे.

त्यानंतर मी कापलेलं सगळं ठेवायला लागले. एखाद्या कुळकर्ण्यानं दफ्तर ठेवावं तसं नव्हे, तारीख-वार काही नाही. खोकले, तंबोरे जुळवणं, ‘पंखा बंद करा’, एका लावणीवालीचं मधेच फुटलेलं हसू, जे गाण्यापेक्षा चांगलं होतं. आवडीचं म्हणायचं तर हळूहळू माझी आवड तिकडे सरकत गेली. लोक अजूनही विचारतात, इतकी वर्षं त्या धंद्यात होतीस, तुझं आवडतं काय? मी खाँसाहेबांच्या तबकड्यांचं नाव घेते, ते खोटं नाही. पण मला आवडतं म्हणजे कुणी, कधी, किती जागेत बसवलं हे ऐकू येतं तेव्हा.

१९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान तीन मिनिटांत गाणं उरकून शेवटी इंग्रजीत आपलं नाव घेते, कारण तबकडी छापणाऱ्या जर्मनीतल्या कामगारांना गाणं कुणाचं ते कळायला हवं. तिच्या गाण्याइतकीच ती घाईतली ओळ मला प्रिय आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली, तीत आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. आपल्याकडे हे फार अभिमानानं सांगतात आणि सांगावंच. माझं लक्ष मात्र दुसऱ्याच आकड्यावर जातं. अख्ख्या पृथ्वीच्या संगीताला त्या तबकडीवर मिळालेली जागा नव्वद मिनिटांची. एक सी-नव्वद! कुठल्यातरी टेबलावर कुणीतरी बसून बाकी सगळं बाजूला सारलं असणार, आणि माझी खात्री आहे की त्या माणसाला रात्री झोप लागली नसणार.

केसरबाईंच्या साडेतीन मिनिटांत कापायला काही नाही, हेही सांगून टाकते. पूर्वीची माणसं तबकडीसाठी वेगळं गायची, राग आतून घडी घालून आणायची. आम्हाला घडी घातलेलं मिळत नव्हतं, पसरलेलं मिळायचं आणि आम्ही ते कडेनं कातरायचो.

धंदा संपला तो एका दिवसात संपला नाही. आधी सीडी आली, चौऱ्याहत्तर मिनिटांची, तेव्हा मी हरखून गेले होते की आता कापायलाच नको. मग एमपीथ्रीची सीडी आली, एका चकतीवर दीडशे गाणी, फुटपाथवर. डीलरांकडून पैसे यायच्या ऐवजी माल परत यायला लागला. २००३ च्या दिवाळीआधी अण्णांनी मशीन्स भंगारात दिली आणि आरत्यांचे हक्क मुंबईच्या एका कंपनीला विकले. शास्त्रीय संगीताचे मास्टर, म्हणजे मूळ टेप, घ्यायला कुणी तयार नव्हतं. ते काही वर्षं अण्णांच्या माळ्यावर होते. एका पावसाळ्यात माळा गळला. मी बघायला गेले तेव्हा खोकी उघडायचं धाडस झालं नाही, वासावरून कळलं. अण्णा आता नाहीत.

म्हणजे आता त्या तीस कॅसेटींचं जे उरलं आहे ते लोकांच्या घरी असेल तेवढं, आणि माझ्याकडे कापलेलं. बुवांचं गाणं माझ्याजवळ नाही, न जमलेला पंचम तेवढा आहे.

गेल्या मार्चमध्ये ओळखीच्या एका मुलाकडे चालू स्थितीतलं स्पूल मशीन आहे असं कळलं. डबा घेऊन गेले. टेप लावली, आणि ती हेडवरून सरकताना किंचाळायला लागली, हेडवर तपकिरी चिकटा. त्यानं लगेच बंद केलं, भला मुलगा. पाचेक सेकंद ऐकू आलं असेल. जुन्या टेपचा एक रोग असा की गुंडाळून ठेवलेल्या एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो. त्यामुळे आवाज यायच्या आधीच तो लांबून, पुसट ऐकू येतो. तसा बुवांचा पहिला स्वर आधी पुसट आला. खरा यायच्या आत मशीन बंद झालं होतं.

मामांना फोन केला. ते नव्वदीला टेकलेत, कोथरूडला मुलीकडे असतात. म्हणाले, टेपनं ओल धरली आहे, शेकावी लागेल. पन्नास-बावन्न अंशांवर, सलग आठ तास, मग गार होऊ दे आणि लगेच कॉपी कर, नंतर पुन्हा चिकट होईल. घरचा ओव्हन चालणार नाही, त्याला इतकं कमी तापमान धरता येत नाही. फळं वाळवायचं यंत्र मिळालं तर बघ.

माझी धाकटी बहीण रत्नागिरीला असते. तिच्याकडे आंबापोळीचं यंत्र आहे. फोनवर सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, ताई, आत्ता ट्रे सगळे भरलेले आहेत, जूनमध्ये घेऊन ये. आणि येताना डबा धुऊन आण, मुंग्या लागतात.